मॅन बेटावरची दहावी

जीसीएसई ही इंग्लंडमधली आपल्या दहावीच्या तोडीची परीक्षा. तिच्या भाषाविषयांत बंगाली आहे, गुजराती आहे, पंजाबी आणि उर्दूही आहे. मराठी नाही. लेस्टरला वाढलेल्या माझ्या भाचीच्या मुलीला मराठी चांगलं लिहिता-वाचता येतं. रविवारी सगळी मुलं खेळायला जात तेव्हा ती मराठीच्या वर्गाला जात असे. पण त्या मेहनतीची नोंद तिच्या शाळेच्या कुठल्याही कागदावर नाही. घरात हा विषय निघाला असताना कुणीतरी मॅन बेटाचं नाव घेतलं. सारी वस्ती ८४ हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथली मँक्स भाषा जन्मापासून बोलणारा शेवटचा माणूस १९७४ मध्ये वारला. तरीही त्या भाषेची जीसीएसईच्या तोडीची परीक्षा आहे, आणि तिच्या वरची बारावीच्या तोडीचीही आहे. हे त्यांना कसं साधलं ते प्रत्यक्ष पाहावं, म्हणून मी गेले.

मॅन बेट इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आहे. लांबी ५२ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २२. ब्रिटनचा राजा तोच यांचा राजा, पण बेट युनायटेड किंगडममध्ये मोडत नाही. संसद स्वतःची, कर स्वतःचे, नोटा स्वतःच्या आणि शिक्षण खातंही स्वतःचं. या शेवटच्या गोष्टीच्या जोरावरच पुढचं सगळं घडलं आहे. आपल्याला वेगळा व्हिसा लागत नाही, ब्रिटनचा चालतो. लँकेशायरच्या किनाऱ्यावरच्या हेशॅम बंदरातून बोटीने पावणेचार तासांत राजधानी डग्लसला पोहोचता येतं. बोटी चालवणारी कंपनी १८३० पासूनची आहे. समुद्र खवळलेला असेल तर हे पावणेचार तास लांब वाटतात, एवढं मात्र सांगून ठेवते.

बहुतेक पाहुणे इथे येतात ते मोटारसायकलींच्या टीटी शर्यतींसाठी. १९०७ पासून चालत आलेल्या या शर्यतींच्या दिवसांत बेटावर राहायला खोली मिळत नाही. मी गेले ते दिवस शांत होते. बंदरातून बाहेर पडल्यापासून मँक्स दिसायला लागते. रस्त्यांच्या पाट्या, सरकारी कचेऱ्यांची नावं, बसच्या अंगावरचं ‘बस वॅनिन’. बेटाचं त्या भाषेतलं नाव एलन वॅनिन. कानावर मात्र इंग्रजीच पडते. पाटी वाचून भाषा जिवंत आहे असं समजावं, तर दुकानात, बँकेत, चहाच्या टेबलावर तिचा पत्ता नसतो. ती कुठे भेटते, हे विचारत हिंडावं लागतं.

मी आधी तिचं जुनं घर पाहायला गेले. डग्लसहून दक्षिणेकडे पोर्ट एरिनपर्यंत वाफेच्या इंजिनाची आगगाडी जाते. अरुंद रुळांवरची ही गाडी आता हिवाळा सोडून इतर दिवसांत मुख्यतः पर्यटकांसाठी धावते. मार्ग सुरू झाला १८७४ मध्ये. त्याच वर्षी हेन्री जेनर नावाच्या अभ्यासकाने बेटावरच्या पाद्र्यांना पत्रं पाठवून चौकशी केली होती, की तुमच्या गावात मँक्स किती लोक बोलतात? उत्तरांवरून त्याचा अंदाज निघाला तो तीस टक्क्यांच्या आसपास. ज्या गाड्यांनी आणि बोटींनी इंग्लंडच्या गिरण्यांतले कामगार सुट्टीला बेटावर येऊ लागले, त्यांनीच इंग्रजीला घराघरांत नेलं. खोली भाड्याने द्यायची तर पाहुण्याची भाषा यायला हवी. १८७२ च्या कायद्याने शाळा सक्तीची झाली आणि ती इंग्रजीतच भरत होती. मँक्स बोलून पेनीसुद्धा मिळायची नाही, असं आईबाप मुलांना सांगू लागले. ही भाषा कुणी बंदुकीच्या धाकाने मारली नाही. घरोघरी, मुलांच्या भल्यासाठी, प्रेमाने ती बंद करण्यात आली. १९०१ च्या खानेसुमारीत बोलणारे साडेचार हजारांच्याही आत होते, १९६१ मध्ये १६५. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात जून महिन्यात शाळांच्या दारात उभं राहिलं, की आईबापांचं हे बोलणं आपल्या ओळखीचं वाटतं.

पोर्ट एरिनहून टेकडी चढून गेलं की क्रेगनीश लागतं. दगडी भिंतींना चुना दिलेला, वर गवताचं छप्पर. वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून त्यावरून दोरांचं जाळं टाकलेलं आणि भिंतीतून मुद्दाम बाहेर ठेवलेल्या दगडी खुंट्यांना ते दोर आवळून बांधलेले. मी एका खुंटीला हात लावून पाहिला. मुठीएवढा दगड, दोराच्या घासण्याने गुळगुळीत झालेला. गाव तीन बाजूंनी समुद्राला उघडं आहे, त्यामुळे इथे वारा काय करत असेल ते त्या दोरांकडे पाहून समजतं. १९३८ मध्ये हॅरी केली या मँक्सभाषक शेतकऱ्याचं घर संग्रहालय म्हणून खुलं झालं आणि पुढे गावातली आणखी घरं त्यात आली. गावात माणसंही राहतात. आसपासच्या कुरणांत लोखटन जातीच्या तपकिरी मेंढ्या चरतात, त्यांतल्या काहींना चार-चार शिंगं असतात.

नेड मॅड्रेलचं बालपण या गावातलं. जन्म १८७७ चा. नात्यातल्या एका म्हातारीकडे तो वाढला आणि तिला इंग्रजी येत नसल्यामुळे घरात मँक्सच चालायची. इतर मुलांच्या घरांतून ती निघून गेल्यावरही याच्या कानात राहिली ती अशी. पुढे तो मासेमारीला लागला. १९४७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा बेटावर आले तेव्हा क्रेगनीशला जाऊन त्याला भेटले. मँक्स आणि आयरिश या बहिणी-बहिणीच आहेत, स्कॉटलंडची गेलिक ही तिसरी. आपल्या भाषेच्या बहिणीचे उरलेसुरले आवाज टिपून ठेवायला हवेत हे डी व्हॅलेरांच्या मनाने घेतलं असावं, कारण पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, आयर्लंडच्या लोकसाहित्य मंडळाने ध्वनिमुद्रणाची गाडी बेटावर पाठवली. नेड आणि त्याच्या बरोबरीचे म्हातारे-म्हाताऱ्या त्या तबकड्यांवर बोलले. हे मुद्रण आजही ऐकायला मिळतं. मी ते ऐकलं आणि इंग्रजीत नसलेला, घशातून खरवडून येणारा ‘ख’ पहिल्यांदा नीट कानात शिरला. पुस्तकातून तो कळत नाही.

नेड २७ डिसेंबर १९७४ ला गेला. पण तोवर तरुण मुलं या म्हाताऱ्यांच्या ओसरीवर येऊन बसू लागली होती. ब्रायन स्टोवेल हा त्यांच्यातला. जन्म १९३६ चा. शाळेत असताना मँक्सच्या दुर्दशेवरचा एक मजकूर वर्तमानपत्रात वाचून तो शिकायला निघाला आणि आधीच्या पिढीतल्या शिकणाऱ्यांचा हात धरून उरलेल्या मूळ भाषकांपर्यंत पोहोचला. पुढे तो लिव्हरपूलला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. नोकरी सांभाळून त्याने आयरिशच्या एका गाजलेल्या पाठमालेवरून मँक्सची पाठमाला तयार केली, ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ मँक्समध्ये आणलं आणि २००६ मध्ये तिच्यातली पहिली मोठी कादंबरी लिहिली. २०१९ मध्ये तो वारला. एका भाषेला असा एक माणूस मिळणं हे भाग्य आहे. पण एकट्या माणसावर भाषा चालत नाही, हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं असं त्याच्या कामाकडे पाहून वाटतं. छंद म्हणून शिकणाऱ्या मूठभर लोकांची संस्था तर आधीपासून होतीच. ‘अन चेशाख्त गिलगाख’ ही मँक्स भाषा संस्था १८९९ ची. नव्वद वर्षं संस्था होती आणि त्याच नव्वद वर्षांत भाषा संपत आली.

उलटा प्रवास सुरू झाला तो शाळेच्या दारातून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेटाच्या शासनाने भाषा अधिकारी हे पद निर्माण केलं, स्टोवेलला त्यावर नेमलं आणि १९९२ मध्ये शाळांत मँक्स ऐच्छिक विषय म्हणून आणला. मुलांची इच्छा विचारली तेव्हा नावं आली दोन हजारांच्या घरात. कुणाला इतक्यांची अपेक्षा नव्हती. शिकवायला माणसं बोटांवर मोजण्याइतकी, ती गाडीत पुस्तकं टाकून या शाळेतून त्या शाळेत फिरत. आठवड्यातून अर्धा तास, तोही कधी जिमखान्याच्या कोपऱ्यात. त्याच दशकाच्या अखेरीस परीक्षा आली. नाव तेश्त खाजिन गिलगाख, म्हणजे मँक्सचं सर्वसाधारण प्रमाणपत्र. तिच्या वरची ती ‘आर्ड तेश्त’. शाळकरी मुलंही बसतात आणि नोकरी-संसारातून वेळ काढून प्रौढही बसतात.

इंग्लंडची परीक्षा मंडळं कुठल्याही विषयाची प्रश्नपत्रिका काढायची तर विद्यार्थ्यांची संख्या पाहतात. तसं पाहिलं असतं तर मँक्सचा नंबर कधीच लागला नसता. बेटाचं शिक्षण खातं आपलंच असल्यामुळे त्यांनी परीक्षा आपली आपण काढली. आपण परदेशातल्या मराठीबद्दल बोलतो तेव्हा बोलणाऱ्यांची संख्या सांगतो, कोटींचे आकडे देतो. गुजराती आणि बंगाली ज्या यादीत आहेत तिच्यात मराठी नसण्याचं कारण केवळ संख्या हे नसावं. ज्या शाळेत मुलं जातात त्या शाळेच्या दारात जाऊन, एकत्र येऊन, हा विषय हवा असं आपण पुरेसं म्हटलेलं नाही. बेटावर हिंडताना हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

पश्चिम किनाऱ्यावरचं पील हे बेटावरचं मला सगळ्यांत आवडलेलं गाव. लाल वालुकाश्माची घरं, अरुंद बोळ, धक्क्याला लागून छोट्या बेटावर किल्ला आणि हवेत धुरावलेल्या हेरिंग माशाचा वास. तिथे एका सभागृहात संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरत होता. आधी विचारून मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. सात-आठ जण, चहाचे मग आणि प्रत्येकापुढे सरावाचा एक कागद. शिकवणारा तरुण तिशीच्या आतला होता आणि त्याचं प्राथमिक शिक्षण पूर्णपणे मँक्समधून झालेलं होतं. त्या शाळेकडे पुढे येते.

कागदावर मांजराची वाक्यं होती. मांजर म्हणजे ‘केत’. ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ या दोन्हींना मँक्समध्ये एकच शब्द, ‘ए’. मग मांजर त्याचं की तिचं, हे ओळखायचं कसं? पुढच्या शब्दाच्या पहिल्या वर्णावरून. ‘ए केत’ म्हटलं तर तिचं मांजर, ‘ए खेत’ म्हटलं तर त्याचं. सगळा अर्थ त्या ‘क’ आणि ‘ख’मध्ये. कुत्रा म्हणजे ‘मॉदा’, तर तिचा कुत्रा मॉदाच राहतो आणि त्याचा ‘वॉदा’ होतो. आपण शब्दाला प्रत्यय लावताना त्याचा शेवट बदलतो, पाणी म्हणतो आणि पाण्यात म्हणतो. हे लोक शब्दाची सुरुवात बदलतात. त्यामुळे शब्दकोश उघडणाऱ्याचे हाल होतात. वाचताना भेटलेला शब्द कोशात सापडत नाही, कारण कोशात तो दुसऱ्याच अक्षराखाली असतो. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला ‘घोड्याला’ हा शब्द कोशात शोधताना जे होतं, तेच इथे पहिल्या अक्षरापासून होतं.

काही गोष्टी मात्र तिथे बसलेल्या इंग्रजीभाषकांना अवघड जात होत्या आणि मला घरच्यासारख्या वाटत होत्या. ‘माझ्याकडे मांजर आहे’ हे मँक्समध्ये तसंच सांगतात, ‘ता केत एम’, म्हणजे मांजर आहे माझ्यापाशी. मालकीचं वेगळं क्रियापद नाही. हो आणि नाही यांना स्वतंत्र शब्द नाहीत. ‘आहे का?’ असं विचारलं तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं क्रियापदानेच उत्तर द्यायचं. एकाला तू आणि वडीलधाऱ्याला किंवा अनेकांना तुम्ही, हा भेदही आहे. आभार मानताना ‘गुरा माय एद’ मित्राला आणि ‘गुरा माय यू’ मोठ्यांना. शिकवणाऱ्याने मला विचारलं, “तुमच्याकडे हे असं असतं?” मी हो म्हटलं तेव्हा त्याने फळ्यावरचं वाक्य पुसून तिथे मला त्याच अर्थाचं मराठी वाक्य लिहायला लावलं, आणि वर्गाने ते मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला.

माझ्या शेजारी साठीच्या उंबरठ्यावरची एक बाई बसली होती. आयुष्य बँकेत गेलेलं. ती त्या वर्षी परीक्षेला बसणार होती. तिच्या कागदावर पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या, ज्या शब्दाची सुरुवात बदलते त्याखाली एक छोटी रेघ. मी विचारलं, या वयात प्रमाणपत्र कशाला?

“नुसती आवड म्हणून आले असते तर गुरुवारी चहा पिऊन घरी गेले असते,” ती म्हणाली. “तारीख ठरली की माणूस शब्द पाठ करतो. माझ्या पणजीला मँक्स येत होती असं घरात सांगायचे. तिने माझ्या आजीला एक शब्दही दिला नाही. मला कुणीतरी विचारायला हवं होतं, तुला किती येतं ते दाखव. परीक्षा ते विचारते.”

तिच्या बोलण्यात मला या सगळ्याचं मर्म सापडलं. परीक्षा म्हटलं की आपल्याला गुण, शिकवण्या आणि ताण आठवतो आणि ते रास्तच आहे. पण ज्या भाषेला बाजारात, कचेरीत, घरात कुणीच काही विचारत नाही, तिच्या माणसाला एका ठरलेल्या दिवशी समोर बसवून ‘ऐक, बोल, वाच, लिही’ असं सांगणारं कुणीतरी असणं ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय परीक्षा आहे म्हणून अभ्यासक्रम ठरतो, अभ्यासक्रम आहे म्हणून पुस्तकं निघतात, पुस्तकं शिकवायला शिक्षकाचं पद निघतं आणि त्या पदाला पगार असतो. मँक्सने पेनी मिळत नाही ही म्हण जिथे रुजली होती, तिथे आज मँक्स शिकवून लोक संसार चालवतात. थोडेच, पण चालवतात.

परीक्षेमुळे एक अवघड प्रश्नही टाळता येत नाही. बरोबर मँक्स कुठली? शिकणाऱ्यांच्या व्याकरणाचा पाया अठराव्या शतकातल्या बायबलच्या भाषांतराचा आहे. त्या भाषांतराची एक हकिकत बेटावर आवर्जून सांगतात. १७७१ मध्ये जॉन केली हा तरुण जुन्या कराराचं हस्तलिखित घेऊन छपाईसाठी व्हाइटहेवनला निघाला होता. वाटेत जहाज फुटलं आणि त्याने ते कागद पाण्याबाहेर धरून पाच तास काढले. एवढ्या निष्ठेने राखलेली ती भाषा म्हणजे नियमांची, घडीव मँक्स. नेड आणि त्याच्या पिढीची मँक्स तशी नव्हती. म्हातारपणी, बोलायला कुणी नसताना, त्यांच्या तोंडून आद्यवर्णाचे ते नियम बरेचदा गळून पडत. तबकड्यांवर ते ऐकू येतं. मग ज्याची ती मातृभाषा होती त्याने ‘चुकीचं’ बोललेलं बरोबर धरायचं, की पुस्तकातून शिकलेल्याने बिनचूक लिहिलेलं? भाषाप्रेमींच्या गप्पांत हा वाद वर्षानुवर्षं रंगू शकतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मात्र गुण द्यायचा की नाही ते संध्याकाळपर्यंत ठरवावं लागतं. त्या तरुण शिक्षकाचं मत होतं की लिहिताना पुस्तकाचा नियम धरावा आणि बोलताना कान नेडकडे ठेवावा. माझ्या मते हे शहाणपणाचं आहे. नियम शिकवल्याशिवाय नव्या माणसाला आधार नाही, आणि त्या तबकड्या ऐकल्याशिवाय ती भाषा इंग्रजी गळ्यातूनच निघत राहणार.

आता ती शाळा. नाव बुनस्कॉल गिलगाख. त्याआधी १९९६ मध्ये ‘मुंजर वेगा’ या संस्थेने मँक्समधून बालवाड्या सुरू केल्या होत्या. त्यांतल्या मुलांच्या आईवडिलांनीच पुढच्या वर्गांची मागणी लावून धरली. २००१ मध्ये डग्लसच्या एका शाळेत नऊ मुलांचा वर्ग सुरू झाला आणि २००३ मध्ये तो सेंट जॉन्स गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत गेला. पुढे मुलांची संख्या साठ-सत्तरच्या घरात पोहोचली. इथे मँक्स हा विषय नाही, गणितापासून सगळं त्याच भाषेतून चालतं. यांतल्या बहुतेकांच्या घरी इंग्रजीच बोलतात हे ध्यानात घेतलं, तर शिक्षकांच्या कामाची कल्पना येते. २००९ मध्ये युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या नकाशात मँक्सपुढे ‘नामशेष’ असा शेरा आला. तेव्हा या शाळेच्या मुलांनी मँक्समधूनच युनेस्कोला पत्रं लिहिली आणि विचारलं, आमची भाषा संपली असेल तर हे पत्र कोणत्या भाषेत आहे? शेरा बदलून ‘अतिसंकटग्रस्त’ झाला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद परिसरातली निहाली युनेस्कोच्या त्याच वर्गात आहे. या शाळेची गोष्ट महाराष्ट्रात सांगताना निहालीची आठवण व्हायलाच हवी.

शाळा बाहेरूनच पाहिली. मुलांच्या वर्गात अनोळखी प्रवाशाने डोकावू नये हे योग्यच. दगडी इमारत, समोर रस्ता, आणि थोड्याच अंतरावर टिनवॉल्ड टेकडी. टेकडी म्हणजे चार पायऱ्यांचा गवती चौथरा. बेटाच्या सतरा परगण्यांची माती तिच्यात घातलेली आहे असं सांगतात. हजार वर्षांहून अधिक काळ अखंड चालत आलेली संसद म्हणून टिनवॉल्डचा लौकिक आहे. दर वर्षी ५ जुलैला संसद या चौथऱ्यावर उघड्यावर भरते आणि वर्षभरात मंजूर झालेल्या कायद्यांचा गोषवारा इंग्रजीत आणि मँक्समध्ये लोकांपुढे वाचला जातो. मँक्स जवळपास संपली त्या काळातही हे वाचन सुटलं नाही. ऐकणाऱ्या गर्दीत ते समजणारं कुणी नाही, असे दिवसही त्या चौथऱ्याने पाहिले. आता रस्त्यापलीकडच्या शाळेतली मुलं त्या गर्दीत असतात.

बुनस्कॉलमधून बाहेर पडणारी मुलं माध्यमिक शिक्षणासाठी पीलच्या सरकारी शाळेत जातात आणि तिथे मँक्स पुढे चालू ठेवता येते. पण सोळाव्या वर्षानंतर, विद्यापीठासाठी विषय निवडताना, भाषा मागे पडण्याचा धोका मोठा असतो. विद्यापीठं बेटाबाहेर, नोकऱ्याही बऱ्याचशा बाहेर. २०११ च्या खानेसुमारीत मँक्स थोडीफार येते असं सांगणारे १,८२३ होते, २०२१ मध्ये २,२२३. वाढ खरी आहे आणि तिचा आनंद व्हावा अशीच आहे. त्यांतले किती जण घरात मुलांशी मँक्समधून बोलतात, हा आकडा मात्र फार लहान असणार, हे तिथली माणसं स्वतःच सांगतात. बँकेतल्या त्या बाईलाही मी हे विचारलं. ती म्हणाली, नातीशी ती रोज रात्री फोनवर मँक्समध्ये बोलते. नात बुनस्कॉलमध्ये आहे आणि आजीच्या ‘क’ आणि ‘ख’च्या चुका तीच काढते.

कुणाला जायचं असेल तर जुलैचा पहिला आठवडा गाठावा. टिनवॉल्डचा दिवस मिळतो, हवा बरी असते आणि टीटीची गर्दी ओसरलेली असते. वाफेच्या गाडीने दक्षिणेला क्रेगनीश, बसने पश्चिमेला पील आणि त्याच वाटेवर सेंट जॉन्स, एवढं दोन-तीन दिवसांत सहज होतं. निघण्याआधी कल्चर वॅनिन या संस्थेच्या मँक्स शिकवणाऱ्या संकेतस्थळावरचे सुरुवातीचे धडे जरूर ऐकावेत, ते मोफत आहेत. ‘मोरा माय’, म्हणजे सुप्रभात, एवढं म्हणता आलं तरी पीलच्या धक्क्यावर माणसं थांबून बोलतात. संध्याकाळच्या गप्पांच्या गटांत नवख्याला जागा असते, आधी निरोप पाठवून विचारलं की झालं.